ओळखीच्या शहरात समुपदेशन: गोपनीयता आणि दुहेरी नाती कशी सांभाळावीत

इंदूरमध्ये मराठी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला पहिल्यांदा फोन करणारी व्यक्ती तक्रारीच्या आधी बहुधा ओळख सांगते. "तुम्ही राजेंद्र नगरच्या ना? माझी जाऊ तुमच्या सासूबाईंबरोबर भजनी मंडळात आहे." हे बोलणे वरकरणी सौजन्याचे वाटले, तरी त्यातून ती व्यक्ती एकाच वेळी दोन गोष्टी चाचपत असते: हे माणूस आपले आहे का, आणि ते इतके जवळचे तर नाही ना की आपली गोष्ट घरी पोहोचेल? होळकरांच्या काळापासून स्थायिक झालेली घराणी, रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर यांसारख्या वस्त्या, महाराष्ट्र साहित्य सभेचे कार्यक्रम, सानंदच्या नाटकांना ठरलेल्या खुर्च्यांवर येणारा प्रेक्षक, आणि लग्नाच्या पंगतीत हमखास निघणारी नाती यांमुळे एवढ्या मोठ्या शहरातही मराठी वर्तुळ लहानच राहिले आहे.

क्लायंटशी व्यावसायिक नात्याखेरीज दुसरे नाते नसावे, असे आपल्याला शिकवले जाते. हा नियम येथे अक्षरशः पाळायचा ठरवला, तर मराठी मानसशास्त्रज्ञाने मराठी क्लायंट घेऊच नयेत असा त्याचा अर्थ होईल, आणि ज्यांना आपले दुःख मराठीतच सांगता येते त्यांना दारच उरणार नाही. नियम सैल सोडला, तर समुपदेशनाच्या खोलीचा ओटा व्हायला वेळ लागत नाही. या दोहोंमधला मार्ग चांगल्या हेतूने सापडत नाही. फोन उचलल्यापासून फाईल बंद करेपर्यंतच्या लहान लहान कार्यपद्धती आधी ठरवून आणि लिहून ठेवल्या, तरच तो सापडतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः खासगी सल्लाकेंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे, परंतु शाळेत किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

पहिला फोन

ओळख कोणत्या प्रकारची आहे याचा निर्णय तक्रार ऐकण्याच्या आधी व्हायला हवा. तक्रार एकदा कानावर पडली की पुढे नकार दिला तरी ते गुपित आपल्याजवळच राहते, आणि त्या कुटुंबाच्या घरी सत्यनारायणाला जाताना ते बरोबर येते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. वीस मिनिटे ऐकून घेतल्यानंतर लक्षात आले की ज्या जावयाविषयी ती बाई बोलत होती, त्याच्या बहिणीची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. मी नकार दिला, आणि तो योग्यही होता. तरी पुढील दोन वर्षे शाळेच्या फाटकाशी ती बाई माझ्याकडे पाहणे टाळत राहिली.

म्हणून बोलणे सुरू होताच नम्रपणे थांबवावे. "आपण काय सांगणार आहात ते मला नीट ऐकायचे आहे, पण त्याआधी दोन मिनिटे आपली कुठे ओळख निघते का ते पाहू," एवढे म्हटले तर कोणी दुखावत नाही, कारण ओळख काढणे हा आपल्याकडे मानाचाच भाग आहे. मग नाव, वस्ती, नोकरीचे ठिकाण, मुलांची शाळा, आणि कोणत्या मंडळाशी किंवा संस्थेशी संबंध आहे हे विचारावे. ज्या व्यक्तीविषयी बोलायचे आहे तिचे नावही येथेच विचारावे, कारण अडचण बहुधा क्लायंटच्या ओळखीत नसते. ती क्लायंटच्या सुनेच्या किंवा साहेबाच्या ओळखीत दडलेली असते.

उत्तरांवरून निर्णय करताना मी एकच कसोटी लावते: या व्यक्तीला न आवडणारी गोष्ट मला तिला सांगावी लागली, तर माझ्या खोलीबाहेरच्या आयुष्यात कोणाचे तरी काही बिघडेल का? नातेवाईक, घरमालक किंवा भाडेकरू, घरकामाच्या बाई, आपल्या मुलांचे शिक्षक, एकाच कार्यकारिणीतील सहकारी, ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार आहे अशी माणसे, आणि जवळच्या मैत्रिणीचा नवरा यांच्या बाबतीत उत्तर नेहमीच होकारार्थी येते, म्हणून त्यांना नकार द्यावा. एकाच वसाहतीत राहणे, एकाच नाट्यप्रयोगाला जाणे, आडनावावरून घराणे माहीत असणे एवढीच ओळख असेल, तर काम करता येते. मात्र ती ओळख पहिल्या सत्रात उघड बोलून फाईलमध्ये तारखेसह नोंदवावी. भांडणाऱ्या दोन बाजूंपैकी एक बाजू आधीच आपली क्लायंट असेल तर दुसरी घेऊ नये, आणि नकाराचे कारणही सांगू नये, कारण कारण सांगितले की पहिल्या बाजूचे नाव आपोआप फुटते. "सध्या माझ्याकडे वेळ नाही" हे वाक्य अशा वेळी पुरेसे ठरते, पण त्यासाठी ते इतर वेळीही अधूनमधून वापरलेले असावे.

नकार देताना हाताशी तीन-चार नावे तयार असावीत, आणि त्यांत एक-दोन हिंदीभाषक सहकारी अवश्य असावेत. आपल्याच समाजातील मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याचा संकोच वाटणारे मराठी लोक आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त आहेत. "तुम्हाला मराठी बोलणारी व्यक्ती हवी आहे, की ओळखीबाहेरची?" असे सरळ विचारले, तर काही जण सुटकेचा श्वास घेऊन दुसरा पर्याय निवडतात.

खोली, पावती आणि भ्रमणध्वनी

दोन सत्रांमध्ये किमान पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे, म्हणजे जाणारा आणि येणारा प्रतीक्षाकक्षात समोरासमोर येत नाहीत. स्वागतकक्षातील मदतनीस त्याच वस्तीतील असेल, तर तिच्याकडून गोपनीयतेची लेखी हमी घ्यावी; शिवाय तिने काय करायचे नाही हे उदाहरणांसह समजावून द्यावे. "अमुक काकू आल्या होत्या" एवढे घरी म्हणणे हाही भंग आहे, ही गोष्ट सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

पैशांचा प्रश्न नवा आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. यूपीआयने दिलेली फी क्लायंटच्या बँक-खात्यात आपल्या केंद्राच्या नावासह दिसते, आणि ते खाते वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या फोनशी जोडलेले असू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत फी कशी द्यायची, पावती कोणाच्या नावाने आणि कोणत्या शब्दांत हवी, संदेश कोणत्या क्रमांकावर पाठवायचा, फोन दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचे हे विचारून घ्यावे. पावतीवर खोटे काही लिहू नये. मात्र केंद्राचे नोंदणीकृत नावच साधे असेल, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. व्हॉट्सॲपसाठी कामाचा वेगळा क्रमांक घ्यावा, आणि त्यावर स्वतःच्या घरच्या गणपतीचे फोटो स्टेटसला ठेवू नयेत.

बाहेर भेट झाली तर

ही भेट होणारच, हे गृहीत धरून पहिल्या सत्रातच ठरवून घ्यावे. "बाहेर मी तुम्हाला आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर मी बोलेन, नाही बोललात तर मला वाईट वाटणार नाही," हे वाक्य मी प्रत्येकाला म्हणते. ते आधी सांगितलेले नसेल, तर सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस खात उभ्या असलेल्या क्लायंटला आपण मान फिरवल्याचा अर्थ "मॅडमना माझी लाज वाटते" असा लागू शकतो. बरोबरच्या नातेवाइकाने "तुमची ओळख कशी?" असे विचारले, तर उत्तर देण्याचा अधिकार क्लायंटचा आहे; आपण हसून त्याच्याकडे पाहावे आणि तो जे सांगेल त्याला दुजोराही देऊ नये, खोडूनही काढू नये.

संक्रांतीचा तिळगूळ घ्यावा. घरच्या हळदीकुंकवाला, मुंजीला, वास्तुशांतीला जाऊ नये, आणि न जाण्याचे कारण सत्रात बोलावे, कारण निमंत्रण देणे हाही त्या माणसाच्या मनाचा एक भाग असतो. महागडी साडी परत करावी. डब्यातून आलेल्या गुळपोळ्या मी घेते आणि फाईलमध्ये लिहून ठेवते. याविषयी सहकाऱ्यांचे मत वेगळे असू शकते.

संमती कोणत्या भाषेत

इंदूरच्या मराठी माणसाची एक गंमत आहे. तो घरात मराठी बोलतो, पण त्याचे शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात झालेले असते. पुण्याहून आणलेले शुद्ध मराठी संमतीपत्र त्याच्या हाती दिले, तर तो आदराने सही करतो आणि त्यातले निम्मे त्याला कळलेले नसते. म्हणून छापील संमतीपत्र हिंदीत आणि मराठीत अशा दोन्ही प्रतींत ठेवावे, कोणती सोपी वाटते ते विचारावे, आणि मजकूर काहीही असला तरी तो बोलीभाषेत समजावून सांगावा. समजावल्यानंतर "आता तुम्ही मला सांगा, कोणत्या वेळी मी तुमची गोष्ट दुसऱ्याला सांगू शकते?" असे विचारले, की सहीपेक्षा अधिक खात्रीचा पुरावा मिळतो.

या प्रश्नाचे उत्तर आधी आपल्याला नेमके माहीत असले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवादही तिथेच सांगितले आहेत: उपचारासाठी इतर आरोग्य व्यावसायिकांना द्यावी लागणारी माहिती, नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचाराच्या निर्णयांत रुग्णाला मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) त्याचे कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारी माहिती, जिवाला धोका, दुसऱ्या व्यक्तीला इजा होण्याची शक्यता, सार्वजनिक सुरक्षितता, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय अथवा अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश. दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी माहिती द्यायची वेळ आली, तर ती इजा टाळायला जेवढी लागेल तेवढीच द्यावी. संपूर्ण कहाणी सांगण्याची मुभा कलमाने दिलेली नाही. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत जे कायदेशीर संरक्षण असते, तसे आपल्याला नाही. न्यायालयाने बोलावले तर जावे लागते, आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या क्लायंटला हे आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत एक अपवाद फार कठोर आहे. पोक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा तो घडण्याची आशंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलीच पाहिजे, आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सतरा वर्षांच्या मुलीचे स्वखुशीचे प्रेमप्रकरणही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. भंवरकुआँ परिसरात कोचिंगसाठी बुऱ्हाणपूर, खांडवा, देवास येथून आलेली मुले-मुली वसतिगृहांत एकटी राहतात आणि त्यांचे वय नेमके याच सीमेवर असते. त्यांनी मन मोकळे करण्याआधी ही मर्यादा त्यांना सांगितली नाही, तर पुढे होणारी नोंद त्यांना विश्वासघात वाटते. वय विचारावे, ते लिहावे, आणि मगच पुढे जावे.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी मात्र कुटुंबांना उगाच भीती असते, आणि ती दूर करणे आपले काम आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखी सरसकट तरतूद राहिलेली नाही. "पोलीस केस होईल" म्हणून मुलाला रुग्णालयात न नेणारे पालक आजही भेटतात.

फी देणारे आणि विचारणारे

एकत्र कुटुंबात फी देणारे वडील किंवा मोठे भाऊ असतात आणि प्रगतीचा अहवाल मागणे हा त्यांना आपला हक्क वाटतो. त्यांच्याशी उद्धटपणा करू नये. काळजीपोटीच ते विचारतात. क्लायंट सज्ञान असेल तर त्याच्या संमतीने ठरावीक अंतराने संयुक्त सत्र घ्यावे, आणि त्यात काय बोलायचे हे क्लायंटने आधी ठरवावे. मधल्या काळात फोन आला तर "तुम्ही चौकशी केलीत, हे त्याला सांगते" असे उलट वळण द्यावे.

सर्वांत अवघड फोन आईचा असतो. "मी तुम्हाला एक सांगते, पण मी फोन केला होता हे त्याला कळू देऊ नका." येथे वाक्य पूर्ण होण्याआधी थांबवावे आणि सांगावे की ऐकून घ्यायला हरकत नाही, मात्र मुलापासून लपवून ठेवायची गोष्ट मी ऐकणार नाही. एकदा असे गुपित स्वीकारले की आपण त्या घरातील भांडणात एक पक्ष होतो, आणि मुलाला ते कळतेच. जिवाच्या धोक्याची बातमी असेल तर ती अर्थातच ऐकावी, आणि कोणाकडून कळली हे मुलाला सांगायची परवानगी आईकडे तिथल्या तिथे मागावी.

शब्द जसे आले तसे

येथील क्लायंट एकाच वाक्यात दोन भाषा वापरतो. "मन लागत नाही", "घबराहट होते", "डोकं भणभणतं", "जीव वर-खाली होतो" हे शब्द नोंदीत जसेच्या तसे लिहावेत. त्यांचे "चिंता" किंवा "नैराश्य" असे घाईने भाषांतर करू नये. भाषा कोणत्या क्षणी बदलली हेही टिपावे. आईविषयी मराठीत बोलणारा माणूस नोकरीविषयी हिंदीत बोलतो, हे साहजिक आहे. पण आईविषयी बोलता बोलता तो अचानक हिंदीत गेला, तर तेथे थांबून विचारण्यासारखे काही असते.

चाचण्यांच्या बाबतीत हीच सावधगिरी हवी. महाराष्ट्रात तयार झालेले मराठी मानदंड (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते आकडे) इंदूरच्या हिंदी माध्यमातील मराठी मुलाला लावताना अहवालात तसे स्पष्ट लिहावे. मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत बुद्धिमत्ता चाचणी आजही सर्रास वापरली जाते, परंतु तिचे मानदंड गेल्या शतकातील आहेत, त्यामुळे केवळ तिच्या आकड्यावर निदान उभे करू नये. पीएचक्यू-९ सारखी नैराश्याची लक्षणे तपासणारी प्रश्नावली हिंदीत द्यायची की मराठीत हे क्लायंटलाच विचारावे, आणि एकूण गुण काहीही आले तरी स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा नववा प्रश्न वेगळा पाहावा. एकूण गुण कमी आणि नवव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी, असे कागद माझ्या टेबलावर आलेले आहेत.

आपली हद्द

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे १९९२ च्या अधिनियमाखालील, नोंदणी लागते. इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या सहायक आणि आरोग्य सेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत झाला आहे. पाटीवर, पावतीवर आणि मंडळाच्या स्मरणिकेतील जाहिरातीत नोंदणी ज्या प्रकारची असेल तेच पदनाम लिहावे. संयोजकांनी प्रेमाने "डॉक्टर" छापले असेल तर दुरुस्त करून घ्यावे. औषधाविषयी मत देऊ नये. २०१७ च्या अधिनियमाचे कलम १०६ आपल्या क्षेत्राबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवण्यास स्पष्ट मनाई करते, आणि "अर्धी गोळी करून बघा" हे त्यातच येते.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीत लक्षणे, कालावधी, धोक्याचे मूल्यमापन आणि नेमका प्रश्न एवढेच लिहावे. सासूशी काय झाले हे त्यांना लागत नाही. बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयाचे नाव घेताच अनेक कुटुंबे दचकतात, म्हणून तेथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि तपासून घेणे म्हणजे भरती होणे नव्हे, हे आधी समजावावे. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक क्लायंटच्या फोनमध्ये आपल्यासमोर साठवून घ्यावा.

नोंदी, चर्चा आणि व्याख्याने

नोंदी लिहिताना त्या दोन वाचक वाचतील असे धरून चालावे: क्लायंट स्वतः आणि न्यायाधीश. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम २५ ने क्लायंटला आपले वैद्यकीय अभिलेख पाहण्याचा हक्क दिला आहे. गंभीर मानसिक हानी किंवा इतरांना इजा होण्याची शक्यता असलेला भागच रोखून ठेवता येतो. तिसऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव लिहू नये, "थोरला दीर" पुरेसे आहे. डॉक्टरांसाठी अभिलेख तीन वर्षे जपण्याचा नियम आहे. मी सज्ञान क्लायंटचे सात वर्षे ठेवते आणि अल्पवयीनांचे ते सज्ञान झाल्यावर आणखी काही वर्षे.

केसवर चर्चा करायला सहकारी हवाच, पण तो शक्यतो इंदूरबाहेरचा असावा. वडोदरा, पुणे किंवा ग्वाल्हेर येथील ज्येष्ठाशी व्हिडिओवर महिन्यातून दोनदा बोलणे सहज शक्य आहे. इंदूरमध्ये नाव बदलून भागत नाही. वस्ती, नोकरी आणि मुलांची संख्या सांगितली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घर उभे राहते. याच कारणाने गणेशोत्सवातील किंवा महिला मंडळातील व्याख्यानात प्रत्यक्ष क्लायंटचे उदाहरण, कितीही बदलून, देऊ नये. ज्याचे आहे तो सभागृहात बसलेला असतो, आणि ज्याचे नाही असे चार जण ते आपलेच आहे असे समजून पुढच्या आठवड्यात येणे बंद करतात. उदाहरण हवेच असेल तर ते संपूर्ण कल्पित असावे आणि तसे आरंभीच सांगावे.

शेवटचे काम बहुतेक जण पुढे ढकलतात. आपल्याला अचानक काही झाले तर चालू क्लायंटना कोण कळवणार आणि फाईली कोणाच्या हाती जाणार, हे आजच लिहून ठेवावे. ती व्यक्ती नवरा, बायको किंवा मुलगा नसावी, कारण त्यांनाही हीच सारी माणसे ओळखीची आहेत. लेखी संमती दिलेला व्यावसायिक सहकारीच असावा. कपाटाची किल्ली, संगणकाचा पासवर्ड आणि चालू क्लायंटची यादी कुठे आहे हे एका बंद पाकिटात लिहून त्याच्याकडे द्यावे, आणि यादी दर तीन महिन्यांनी बदलावी. माझ्या दैनंदिनीत तो दिवस दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी लिहिलेला असतो.